हिमनदीची चाल आणि भागाआत्याचा डोंगर

नोकरीभर मी बर्फाचा वेग मोजला, आणि बर्फ म्हणून प्रत्यक्ष हाताला लागला तो महाडच्या मासळी बाजारातला, पापलेटाखालचा. माझ्या नातेवाइकांत हा विनोद आता शिळा झाला आहे, तरी लग्नाकार्यात कोणी ना कोणी तो नव्याने वाढतोच. निवृत्त होऊन महाडला राहायला आल्यावर शेजारच्यांनी मी 'हवामान खात्यातली' अशी नोंद करून टाकली. भाजी घेताना मला विचारतात, "मॅडम, यंदा पाऊस कसा काय?" मला कसं माहीत असणार? मला ग्रीनलंडच्या काठावरचं विचारा, सांगते. ते कोणी विचारत नाही.

तर माझं काम असं होतं. पृथ्वीच्या टोकांकडे बर्फाचे थर इतके जाड साचतात की ते स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतात. ही हिमनदी. डोळ्यांना ती थिजलेली दिसते, पण ती चाललेली असते. आमच्या पुण्याच्या कचेरीत उपग्रहाने काढलेली तिची चित्रं यायची. आजचं एक चित्र घ्यायचं, काही दिवसांनंतरचं दुसरं घ्यायचं. पहिल्यातली एक छोटी चौकट उचलायची, म्हणजे तिच्यातल्या भेगा, ओरखडे, उंचवटे, आणि तीच नक्षी दुसऱ्या चित्रात कुठे सापडते ते शोधायचं. जत्रेत चुकलेलं पोर आई त्याच्या सदऱ्यावरून ओळखते, तसंच. नक्षी जेवढी पुढे गेली तेवढी नदी चालली. शोधायचं काम संगणक करतो. तो थापा मारतोय का, हे बघायचा पगार मला मिळत होता.

आणि तो थापा मारायचा. ढगाची सावली भेग समजायचा, ताजा हिमवर्षाव झाला की गोंधळायचा. ध्रुवाकडे हिवाळाभर अंधार असतो, म्हणून आम्ही रडारची चित्रं वापरायचो. रडारला ना अंधाराची अडचण, ना ढगाची. हे ऐकून माझा एक मेहुणा म्हणाला होता, "म्हणजे आमच्या घरात काय चाललंय तेही दिसत असेल तुला." त्याला म्हटलं, "दिसलं असतं तरी बघितलं नसतं."

बाहेरच्या माणसाला वाटतं, बर्फ तो बर्फ, त्याला कसला आलाय ऋतू. पण हिमनदीलाही चौमासा असतो. उन्हाळा लागला की वरचा बर्फ वितळतो, ते पाणी भेगांतून, भोकांतून थेट तळाशी जातं, आणि खडकावर बसलेली नदी त्या पाण्यावर थोडीशी उचलली जाऊन घसरायला लागते. शेवाळलेल्या पायरीवर आपण घसरतो ते याच कारणाने. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिचा वेग एकदम वाढतो. गंमत पुढेच आहे. भर उन्हाळ्यात पाणी आणखी वाढतं आणि नदी मात्र मंदावते! नव्या माणसाला हे पटत नाही. मी त्याला आमच्या वाडीतलं अंगण सांगायचे. पाऊस लागला की आधी सगळ्या अंगणात चिखल होतो, मग पाणी स्वतःची वाट पाडतं, त्या वाटेने निघून जातं, आणि उरलेलं अंगण घट्ट होतं. हिमनदीच्या पोटातही पाणी असेच बोगदे पाडून घेतं. वाट मिळालेलं पाणी कोणाला उचलत नाही.

हा झाला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारच्या नद्या समुद्रात संपतात, आणि त्यांची चाल वरच्या पाण्यापेक्षा खालच्या तोंडावर ठरते. महाडकराला हे शिकवावं लागत नाही. सावित्री फुगायला लागली की आमच्या गावात दोनच प्रश्न विचारले जातात. महाबळेश्वरला किती पडला, आणि भरती कधी आहे? वर पाऊस आणि खाली भरती असली की पाणी तटतं आणि बाजारपेठेत शिरतं. ओहोटी लागली की सुटतं. त्या हिमनद्यांचंही तेच. हिवाळ्यात तोंडापुढचा समुद्र गोठतो, तुटलेले हिमखंड एकमेकांत अडकून बसतात आणि नदी तटते. वसंतात तो बांध फुटला की सुटते. एकदा बैठकीत मी सवयीने बोलून गेले, "ही अजून तटलेली आहे." आमचे प्रमुख विदर्भातले, त्यांना शब्दच कळेना. समजावून सांगितला तर त्यांना इतका आवडला की पुढे सगळी कचेरी विचारायची, "मॅडम, तुमची तटली की सुटली?" इंग्रजी अहवालात हा शब्द कधी गेला नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

नद्यांची नावं उच्चारता उच्चारता जीभ तटायची, म्हणून मी त्यांना घरची नावं ठेवली होती. एक होती 'मुंबईकर'. वर्षानुवर्षं हूं की चूं नाही, आणि मग एकदम अशी धावत सुटली की आमच्या चौकटीच तोकड्या पडल्या. शिमग्याला गावात उतरणारे आमचे चुलते तसेच. एक होती 'सासूबाई'. तिच्याबद्दल लिहीत नाही, कारण हा अंक घरी येतो.

आणि एक होती भागाआत्या. उन्हाळा लागला की सगळ्यांच्या आधी तरातरा निघायची, आणि इतर नद्या रंगात येईपर्यंत ही दमून बसलेली असायची. माझी खरी आत्या अशीच. माझ्या वडिलांची थोरली बहीण, भागीरथी. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत तिनेच मला लहानाचं मोठं केलं, कारण आई सदा शेतावर. लावणीला सगळ्यांच्या आधी चिखलात उतरणार, आणि दुपारी बांधावर बसून बाकीच्यांच्या चुका काढणार. तिच्यावर माझा फार जीव. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले लोक फोन करून भांडतील.

नोकरीतला एक प्रसंग सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ओंकार नावाचा एक हुशार तरुण आमच्याकडे नवा लागला होता. एके दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला, चेहरा फुललेला. "मॅडम, भागाआत्या थांबली!" ऐन उन्हाळ्याच्या तोंडी, जेव्हा ती धावायला हवी, तेव्हा त्याच्या नकाशात तिच्या अंगभर वेग शून्य. त्याला वाटलं, मोठा शोध लागला. मी बघितलं तर प्रकार निराळाच. बर्फ ओला झाला की रडारचं चित्र काळवंडतं, नक्षी जुळत नाही, आणि त्या चौकटी कोऱ्या राहतात. ओंकारच्या संगणकाने त्या कोऱ्या चौकटींत शून्य भरून टाकलं होतं. मी त्याला म्हटलं, "अरे, सरकली नाही आणि दिसली नाही, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. कोऱ्याला शून्य म्हणू नये." तो बिचारा इतका ओशाळला की दुसऱ्या दिवशी त्याने हे वाक्य फळ्यावर लिहून काढलं, आणि ते कोणी पुसलं नाही.

आमच्या धंद्यातलं दुखणं हेच. नदी निवांत असते तेव्हा छान दिसते. ती पळायला लागते, तेव्हाच कोरी होते. ज्या आठवड्यांसाठी एवढा खटाटोप, तेच आठवडे हातातून निसटतात. पुढे उपग्रह वाढले, चित्रं लवकर लवकर यायला लागली, कोरी जागा कमी झाली. पण पूर्ण गेली नाही. मी निवृत्त झाले तेव्हाही ती होतीच.

महाडला आल्यावर मला वाटलं होतं, आता नद्यांचा आणि माझा संबंध संपला. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला मनोहरचा फोन आला. मनोहर म्हणजे आत्याचा मुलगा. वाडीतून मोटारसायकलवर महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला येतो. वाडीच्या माथ्यावर जमिनीला भेग गेली होती. पावसाळाभर सगळ्यांनी खाली शाळेत राहायला यावं, असं सरकारी माणसं सांगून गेली होती. निम्मी वाडी तयार होती, निम्मी नव्हती, आणि न होणाऱ्यांची पुढारी अर्थातच आत्या.

"ताई, तू एवढ्या लांबचा बर्फ बघायचीस," मनोहर म्हणाला, "मग आपला डोंगर बघ ना एकदा. सरकतोय का नाय तेवढं सांग. तुझं म्हणणं आई ऐकंल."

मी ओंकारला गळ घातली. तो आता तिथे वरच्या हुद्द्यावर आहे. त्याने रडारची चित्रं काढून ताडून पाहिली आणि मला पाठवली. आमच्या डोंगरावर झाडी, गवत, करवंदीच्या जाळ्या. बर्फाच्या भेगांसारखी पक्की नक्षी तिथे कुठून येणार? सगळा उतार कोरा. वाडीतल्या दोन-चार घरांचे पत्रे तेवढे चमकत होते, आणि पत्र्यांवरून डोंगराची चाल ठरवणं म्हणजे टोपीवरून डोक्यातलं ओळखणं. मी मनोहरला फोन केला आणि सरळ सांगितलं, "मनोहर, काही दिसत नाही रे."

इथे ध चा मा झाला.

दोन दिवसांनी दाराशी इक्बालभाईंची जीप थांबली. इक्बालभाई महाडचेच, पोलादपूरच्या बाजूला भाडी मारतात. त्यांनी खांद्यावरून भलामोठा फणस उतरवला आणि ओट्यावर ठेवला. "मॅडम, वाडीवाल्यांनी पाठवलाय. लई खूश हायत तुमच्यावर. म्हणतात, मॅडमनी उपग्रहातनं बघून डोंगर पास केला."

"काय केला?"

"पास. मोबाईलवर फिरतंय ना सगळीकडं." त्यांनी मला ऐकवलंही. मनोहरचाच आवाज होता, अभिमानाने भरलेला. 'ताईनी सगळा डोंगर तपासला. काय दिसलं नाय. सगळा ओक्के हाय.' ज्यांनी सामान बांधलं होतं त्यांनी ते सोडलं होतं. वाडीतलं कोणीच आता शाळेत जाणार नव्हतं.

ग्रीनलंडच्या नकाशात शून्य भरलं तर फार तर एक अहवाल चुकतो. इथे त्या चौकटीखाली माझी आत्या राहत होती. इक्बालभाईंना म्हटलं, "परत कधी जाताय तिकडे?" ते म्हणाले, "चहा पाजलात तर आत्ता."

आम्ही वाडीत पोचलो तेव्हा पाऊस सुरू होता आणि आत्या पडवीत बसून नाचणी पाखडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं. "आली गो सुनंदा, माझी इंजिनेर! फणस खाल्लास का?"

"आत्या, मी डोंगर पास केलेला नाही."

"म्हंजे? नापास केलास?"

"तसंही नाही. मला तो दिसलाच नाही."

"नाय दिसला म्हंजे नाय हालला. हालला असता तर दिसला असता. त्यात काय एवढं?" शेजारचे चार जण जमले होते, त्यांनी माना डोलावल्या. मनोहर माझ्याकडे बघून खाली बघायला लागला. त्याला अंदाज आला होता.

मी रडार सांगून बघितलं, चौकटी सांगून बघितल्या. आत्याने जांभई दिली. मग मला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हटलं, "आत्या, तुझ्या नावाची एक बर्फाची नदी आहे."

"माझ्या नावाची?" आत्या सावरून बसली. "कोणी ठेवलं?"

"मीच. तुझ्यासारखी आहे म्हणून. उन्हाळा लागला की सगळ्यांच्या आधी पळत सुटते."

"आणि मग?"

"मग दमून बसते आणि दुसऱ्यांना नावं ठेवते." सगळे हसले, आत्याही हसली. मी पुढे म्हटलं, "इतकी वर्षं मी तिच्यावर डोळा ठेवून होते. पण ज्या दिवसांत ती पळते ना, तेच दिवस माझ्या चित्रात कोरे यायचे. बसलेली आत्या मला रोज दिसायची. पळताना कधी दिसली नाही. परत चित्र उघडायचं तेव्हा ती पुढे निघून गेलेली असायची."

आत्याने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. पावसाचा आवाज वाढला होता. "म्हंजे," ती म्हणाली, "मी पळत असंन तवाच तुला कळणार नाय?"

"नाही कळणार."

"आणि ह्या डोंगराचं?"

"त्याचं तर मला बसलेलंही दिसत नाही, आत्या. तो उभा आहे की निघालाय, मला खरंच माहीत नाही. मला तुझी काळजी वाटते एवढंच मला माहीत आहे."

हे मी बोलायचं ठरवलं नव्हतं. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. आत्याने पदराने नाक पुसलं आणि एकदम मनोहरवर ओरडली, "म्हशीचं काय करायचं ते सांग आधी!"

खरी गाठ तिथे होती, हे मला तेव्हा कळलं. शाळेत माणसांची सोय होती, म्हशीची नव्हती. मनोहरच्या एका पाळीवाल्या दोस्ताचा खालच्या गावात रिकामा गोठा होता, तिथे म्हैस जाईल असं ठरलं. मग आत्याने मनोहरचा मोबाईल मागून घेतला, तोंडापाशी धरला आणि मळ्यातून हाक मारावी तशी ओरडली, "मी भागा बोलतेय. सुनंदाला कायपण दिसल्यालं नाय. जे कोण डोंगर पास झाला म्हणतायत, ते खोटं हाय. मी खाली चाललेय. यायचं त्यांनी या." माझ्या हयातीत इतका स्वच्छ खुलासा कुठल्याही अहवालाला जोडलेला मी पाहिला नाही.

वाडी शाळेत गेली, आणि आत्या माझ्याकडे महाडला आली. आल्या आल्या खिडकीतून नदीकडे बघून म्हणाली, "शाणी हायस. डोंगराखालनं काढलंस नि पुराच्या तोंडाशी आणून बसवलंस." आमचं घर उंचावर आहे हे तिला पटायला चार दिवस लागले. मग तीही शेजारणींना भरतीची वेळ विचारायला लागली. एका दुपारी मी तिला लॅपटॉपवर तिच्या नावाची नदी दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "ही मी? गोरी हाय की बरीच." तिने बोट लावून तोंड कुठे, शेपूट कुठे ते विचारलं. तोंडाकडचा बर्फ दरवर्षी मागे मागे जातोय हे सांगितल्यावर तिला वाईट वाटलं. "म्हातारी झाली म्हणायची," एवढंच म्हणाली, आणि मला लॅपटॉप मिटायला सांगितला.

तो पावसाळा आम्हा दोघींचा फार छान गेला. मी तिच्या हातचं खाल्लं, तिने माझ्या सगळ्या चुका काढल्या. आणि डोंगर पडला नाही. गौरी-गणपतीला वाडी परत वर गेली, तेव्हा तो होता तिथेच होता, हिरवागार. वाडीवाल्यांनी मला धारेवर धरलं. "उगाच पोरंबाळं शाळेत कोंबलीत," एक जण म्हणाला. "फणस फुकट गेला," दुसरा म्हणाला. मी हसून घेतलं, पण मनातून खचले होते. डोंगर उभा राहिला याचा आनंद होताच. पण पुढच्या वर्षी मी काय तोंडाने सांगणार होते? ज्याला एकदा काही झालं नाही, त्याला दुसऱ्यांदा खाली उतरवणं फार कठीण. आणि माझ्याकडे दाखवायला तेव्हाही काही नव्हतं, पुढेही असणार नव्हतं.

या वर्षी मे सरत आला. ओंकारने न सांगता नवी चित्रं पाठवली. सगळा उतार पुन्हा कोरा. फोन करायला माझा हात उचलेना. आज करू, उद्या करू, असं चाललं होतं. कसं बोलायचं याची मी मनात उजळणी करत होते, आणि आत्याचं प्रत्येक उत्तर मला आधीच ऐकू येत होतं.

शेवटी तिचाच फोन आला.

"सुनंदे, डोंगर बघितलास?"

"बघितला."

"दिसला का?"

"नाही गं आत्या."

"मग कधी येतेस न्यायला?"